शेती चालेल

त्या वर्षांत आमच्या जिल्ह्याचं नाव घेतलं की लोक आधी हळहळायचे आणि मग फोन ठेवायचे. मुलगी नागपूरची असो की वर्ध्याची, तिचा बाप विचारायचा, जिल्हा कोणता? आमचे बाबा सांगायचे, यवतमाळ. मुलगा काय करतो? शेती. कापूस? कापूस. पलीकडून एक मोठा सुस्कारा, आणि मग 'कळवतो'. कळवतो म्हणणाऱ्या माणसानं आजवर कधी काही कळवलेलं नाही, हे मी कुठंही सही करून लिहून देते.

पेपरात रोज कापसाच्या, बोंडअळीच्या, गेलेल्या माणसांच्या बातम्या. कॅमेरे घेऊन लोक यायचे, आम्ही रडेपर्यंत थांबायचे आणि निघून जायचे. दुःख होतं, नाही कोण म्हणतं. आमच्याच गल्लीत होतं. पण आम्ही काही सकाळ-संध्याकाळ रडत बसलो नव्हतो. आम्ही भांडत होतो, भजी तळत होतो, लग्नं लावत होतो. निदान लावायचा प्रयत्न तरी करत होतो. मी सांगतेय ती गोष्ट त्या प्रयत्नाचीच आहे.

लग्न होतं माझ्या दादाचं, म्हणजे होत नव्हतं. घाटंजीजवळच्या आमच्या गावात तो बाबांबरोबर शेती करायचा. उंच, सावळा, बोलायला कमी, आणि हसला की डोळे पार मिटून जायचे. बिघडलेली मोटर, फवारणीचा पंप, शेजाऱ्याची मोटारसायकल, काहीही आणून त्याच्यापुढं टाका, संध्याकाळपर्यंत सुरू झालेलं असायचं. असा मुलगा. पण जिथं जिथं मुलगी पाहायला गेलो तिथं पोहे झाले, चहा झाला, आणि नंतर निरोप आला की पोरगा चांगला हाय, पण. त्या 'पण'ची मला इतकी चीड बसली होती की माझ्यापुढं कुणी नुसतं 'चहा घेईन, पण साखर कमी' म्हटलं तरी माझं डोकं फिरायचं.

शेवटी वणीकडच्या एका घरी मुलीच्या मामांनी तोंडावरच विचारलं की, शेती सोडून दुसरं काही करायचा विचार नाही का? दादा म्हणाला, नाही. परत येताना मी मोटारसायकलवर त्याच्या मागं बसले होते. गावाच्या फाट्यावर त्यानं गाडी थांबवली आणि म्हणाला, "आता मले कुठंच नेऊ नका." मग किक मारली आणि घरी येऊन म्हशींना पाणी दाखवायला गेला. आई चुलीपुढं बसून डोळे पुसत राहिली आणि वर धुरालाच शिव्या देत राहिली.

मी तेव्हा यवतमाळला बीसीए करून घाटंजीच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायला लागले होते. पोरांना टायपिंग शिकवायचं, आणि वेळ उरला की वेबसाईट कशी बनवतात ते स्वतः शिकायचं. इंटरनेट असायचं तेव्हा लाईन, म्हणजे वीज, नसायची, लाईन असायची तेव्हा इंटरनेट नसायचं. दोन्ही एकदम आले की मी जेवायचंही सोडून द्यायची.

आमच्या बौद्ध समाजाचा उपवर मुला-मुलींचा परिचय मेळावा दरवर्षी कापसाची शेवटची वेचणी उरकली की घाटंजीच्या समाजमंदिरात भरायचा. समितीचे अध्यक्ष होते एक रिटायर गुरुजी; अर्ध्या तालुक्याला त्यांनी पाढे शिकवले होते, त्यामुळं अर्धा तालुका त्यांना अजून घाबरायचा. मेळाव्यासाठी ते एक पुस्तिका छापायचे. आदल्या वर्षी छापखान्यानं एका मुलीच्या माहितीवर भलत्याच माणसाचा मिशीवाला फोटो चिकटवला, आणि पुस्तिका हातात पडेपर्यंत त्यातल्या कितीतरी जणांची लग्नं होऊन गेली होती. मी गुरुजींना म्हटलं, पुस्तिका बंद करा, आपण वेबसाईट करू. ज्याला भरायचं तो आपल्या गावाहून भरेल, ज्याला पाहायचं तो पाहील.

गुरुजींनी चष्मा पुसला, विचार केला आणि एक अट घातली. पान एकच पाहिजे. भरायचं वर, आणि भरलेलं लगेच तिथंच खाली दिसलं पाहिजे. "आपला माणूस दुसऱ्या पानावर गेला का वापस येत नाही," ते म्हणाले. "आन् भरलेलं डोयानं दिसलं नाही, तं त्याचा इश्वास बसत नाही."

मोठमोठ्या शहरातले लोक ज्याला काय काय नावं देतात, ते गुरुजींनी असं दोन वाक्यांत सांगून टाकलं आणि माझी झोप उडवली. वर फॉर्म, खाली तक्ता. ऐकायला किती सोपं. इंटरनेटवरून मी एक तयार फॉर्म उतरवून घेतला, तर त्यात रास, नक्षत्र, नाडी, गण. गुरुजींना दाखवला तर ते असे भडकले जणू तो फॉर्म मीच रचला होता. आमच्यात पत्रिका पाहत नाहीत. ते सगळे रकाने काढून टाकले आणि फॉर्म एकदम हलका झाला. नाव, गाव, शिक्षण, फोटो. मुलगा काय करतो, त्याला चार पर्याय: नोकरी, धंदा, शेती, इतर. प्रत्येकाच्या पुढं दोन शब्द लिहायला जागा. मुलीच्या बाजूला 'अपेक्षा' म्हणून रकाना, त्यात नोकरीवाला, धंदेवाला, आणि तिसरा मी माझ्या मनानं घातला: 'शेती चालेल'. गुरुजींनी तो पाहिला, माझ्याकडं पाहिलं, आणि तसाच राहू दिला.

खालच्या तक्त्याच्या डोक्यावर फिल्टर. मुली निवडलं की फक्त मुलीच उरणार, नर्स लिहिलं की फक्त नर्स. आईला हे समजावताना मी म्हटलं, सुपात घेऊन पाखडतेस ना, तसं. आई म्हणाली, म्हणजे आपला पोरगा फोलपटात जाणार.

एक गोष्ट काही केल्या जमेना. फॉर्म भरून 'जतन करा' दाबलं की सगळं पान पुन्हा उघडायचं आणि खालचा फिल्टर निघून जायचा. कितीतरी दिवस मी त्याच्याशी झटले. आणि एका दुपारी, लाईन जायच्या थोडी आधी, मी एक खोटं नाव भरलं, बटण दाबलं, आणि पान जागचं हललंही नाही. ती ओळ गुपचूप खालच्या तक्त्यात येऊन बसली. मी अशी टाळी वाजवली की टायपिंग करणारी पोरं दचकली. सगळ्यांना चहा पाजला. तो आनंद काय सांगू; पुढं मी कितीतरी मोठी कामं केली, पण तशी टाळी काही पुन्हा वाजली नाही. त्याच आठवड्यात मी उलटंही जमवलं. खालच्या ओळीवर क्लिक केलं की ती ओळ वर चढून फॉर्ममध्ये बसायची, दुरुस्त करून पुन्हा खाली. ही सोय मात्र फक्त समितीच्या, म्हणजे माझ्याच, कॉम्प्युटरवर ठेवली, नाहीतर आमच्या लोकांनी एकमेकांचं वय वाढवून ठेवलं असतं.

दादा क्लासचा यूपीएस दुरुस्त करायला आला होता, तेव्हा त्यानं हे सगळं पाहिलं. फिल्टर पाहून त्याला मौज वाटली. दोनचार वेळा त्यानं स्वतः माऊस दाबून पाहिला. आणि मग म्हणाला, "माह्यं नाव नको टाकू यात."

मी भांडले. का नको, काहून नको, सगळ्या जगाची लग्नं मी जुळवू आणि घरचा तसाच ठेवू का? तो पाना हातात धरून तसाच उभा राहिला. "आजवर एकेका घरानं नाही म्हटलं," तो म्हणाला. "आता साऱ्या जिल्ह्यानं माऊस दाबून नाही म्हणावं काय?"

त्यानं माझ्याकडून शब्द घेतला आणि मी दिला. शब्द पाळलाही. पाळला आणि रोज स्वतःवर चरफडले.

पान सुरू झालं आणि नोंदी येऊ लागल्या. पांढरकवड्याहून, मुकुटबनहून, जिथं जिथं सायबर कॅफे होता तिथून. सुरुवातीला मी असं ठेवलं होतं की एका नावाची नोंद दोनदा होणारच नाही. पण आमच्यात एकच नाव, एकच आडनाव असलेले लोक गावागणिक आहेत. पहिला आत गेला की दुसरा बाहेर. मला फोनवर शिव्या बसल्या आणि मी तो नियम काढून टाकला.

दुसरी गंमत त्याहून मोठी. आमची माणसं पान उघडलं की आधी खाली पाहायची. मुलाचा बाप असेल तर पहिल्यांदा फिल्टर लावून मुली पाहणार, जीव भरेपर्यंत पाहणार, आणि मग वर जाऊन मुलाचा फॉर्म भरणार. फिल्टर मात्र तसाच. आता खाली फक्त मुली दिसतायत म्हटल्यावर मुलगा दिसणार कसा? तो जतन व्हायचा, पण दिसायचा नाही. मग मला फोन, बाई, माझा पोरगा गेला कुठं? मी सांगायची, गेला नाही, आहे, वरचा फिल्टर काढा. 'नोंद झाली' असं हिरव्या अक्षरात मी लिहूनही ठेवलं होतं, पण हिरवं अक्षर वाचायला कुणाला सवड आहे? सगळ्यांचे डोळे खाली.

माझेही. क्लास सुटला की मी रोज तेच करायची. फिल्टरमध्ये मुली, अपेक्षेत 'शेती चालेल'. आणि रोज खाली मीच लिहिलेलं वाक्य यायचं: एकही नोंद सापडली नाही. तक्ता काही अडाणी मुलींचा नव्हता, मोठ्या शहरातल्यांचाही नव्हता. आमच्याच गावांतल्या, स्वतःच्या बापाच्या कापसात वाढलेल्या मुली. त्यांच्यावर राग तरी कसा धरू? त्यांनी घरात जे पाहिलं होतं ते मीही पाहिलं होतं. तरी ते वाक्य वाचलं की मी कॉम्प्युटर बंद करायची.

मेळाव्याचा दिवस उजाडला. समाजमंदिराच्या एका भिंतीवर पांढरी चादर, तिच्यावर प्रोजेक्टर. खिडक्यांना सतरंज्या लावून अंधार केलेला. लाईन दुपारभर जाणार हे सगळ्यांना पाठ होतं, म्हणून बाहेर भाड्याचं जनरेटर, आणि जनरेटरपाशी कोण, तर दादा. मेळाव्यात त्यानं खुर्च्या मांडल्या, माईक जोडला, बुंदीचं पातेलं उचललं; उपवर म्हणून बसायला मात्र तो तयार नव्हता. दारात उभं राहून एक कान इंजिनकडं आणि एक आत, असं त्याचं चाललं होतं.

वंदना झाली, गुरुजींचं भाषण झालं, आणि कार्यक्रम सुरू झाला. ज्याला जे पाहायचं ते त्यानं सांगायचं, मी फिल्टर लावायचा, चादरीवर नावं यायची आणि ज्याचं नाव आलं त्यानं उभं राहून दोन शब्द बोलायचे. सुरळीत चाललं होतं. मग पांढरकवड्याकडचे एक काका उठले. शेजारी पुतणी बसलेली, सरकारी दवाखान्यात नर्स. तिचे वडील नव्हते, काकांनीच तिला शिकवलं होतं. काकांनी घसा साफ केला आणि म्हणाले, नोकरीवाले मुलं दाखवा.

मी 'नोकरी' निवडलं. मास्तर आले, पोलीस आले, बँकेतला एक आला. आणि सगळ्यात खाली माझा दादा. चुलतभावाच्या लग्नातला, उसन्या कोटातला फोटो. नोकरी: जिनिंगमध्ये सुपरवायझर.

मी दाराकडं पाहिलं. दादा चादरीकडं पाहत होता आणि त्याचा चेहरा उतरला होता. गावातल्या काही लोकांनी त्याला ओळखलं, कुजबुज सुरू झाली. काकांना काही माहीत नव्हतं; ते म्हणाले, बरं, आता धंदेवाले दाखवा. मी घाईनं फिल्टर बदलला. किराणा, मोबाईलचं दुकान, आणि पुन्हा तोच कोट. धंदा: दूध डेअरी, स्वतःची.

आता लोक हसायला लागले. काका चक्रावले, त्यांना वाटलं मी काही चुकीचं दाबलं. मागून कुणीतरी ओरडलं, शेतीवाले पाहा ना बाई, शेतीवाले. पाहते तर काय, शेती: कापूस, तूर, बारमाही ओलीत. आमची विहीर फेब्रुवारीत तळ दाखवते हो! बारमाही कुठलं आलं त्यात? पुढच्या रांगेतली एक म्हातारी शांतपणे म्हणाली, "कुठीबी जा, पयसाले पानं तीनच." आणि सगळं समाजमंदिर पोट धरून हसायला लागलं. मीसुद्धा. रडू येत होतं आणि हसू थांबत नव्हतं.

तेवढ्यात फट् करून आवाज बंद झाला आणि चादर पांढरी पडली. दादानं जनरेटर बंद केलं होतं.

अंधारात थोडा वेळ नुसता गलका. गुरुजी उठले, बाहेर गेले. बाहेर काय बोलणं झालं ते मला पुढं दादानं सांगितलं. दुसरं काही नाही, गुरुजींनी त्याला शाळेतल्यासारखं नाव घेऊन हाक मारली आणि म्हणाले, इंजिन सुरू कर आणि आत चल, पळणाऱ्याचं कुणी ऐकून घेत नाही. इंजिन सुरू झालं. गुरुजी दादाला दंडाला धरून आत घेऊन आले. माझा कॉम्प्युटर क्लासच्या यूपीएसवर सुरूच होता, त्यामुळं चादरीवर पुन्हा तोच. जो यूपीएस त्यानं स्वतः दुरुस्त केला होता त्यानंच त्याला दगा दिला. त्याच्या हाताला ऑइल लागलेलं होतं. गुरुजींनी त्या हातात माईक दिला.

"मी शेती करतो," दादा म्हणाला. "जिनिंगमंधी एकच हंगाम कापूस मोजाच्या काट्यावर होतो. दोन म्हशी हायेत, डेअरी नाही. इहिरीले उन्हाळ्यात पाणी राहत नाही. हे कोनं भरलं मले माहीत नाही, पन मी नाही भरलं."

आणि त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी जोरजोरात मान हलवली, मी नाही, मी नाही. मग आम्ही दोघांनी आमच्या माणसांच्या रांगेकडं पाहिलं. आमचे पांढरकवड्याचे मामा छताचा पंखा पाहत होते. मुकुटबनची आत्या पदरानं तोंड पुसत होती. बाबांना अचानक चपलेचा अंगठा नीट करायचा होता. आमच्यात मुलानं स्वतःचा फॉर्म स्वतः भरायचा नसतो. तोंड वर करून स्वतःचं लग्न कोण काढतं? तो घरच्यांनी भरायचा. आणि घरचे म्हणजे नेमके कोण, हे कधीच कुणी ठरवलेलं नसतं. तेव्हा प्रत्येकानं आपापल्या गावातून, दुसऱ्या कुणाला सुचणार नाही अशा खात्रीनं, गुपचूप भरला होता. खाली मुलींचा फिल्टर लावलेला, त्यामुळं आधीचा दादा कुणालाच दिसला नव्हता. आणि प्रत्येकानं त्याला आपल्या परीनं थोडा वर उचलून ठेवला होता.

काका खाली बसले. त्यांचा चेहरा काही हसरा नव्हता. मला वाटलं, संपलं. आता दादा उद्यापासून गावात मान वर करून चालणार नाही, आणि हे सगळं माझ्या पानामुळं.

तेव्हा काकांची पुतणी उभी राहिली. साधी मुलगी, केसांची एक वेणी, हातात रुमाल. ती मला म्हणाली, ताई, 'इतर' राहिलं ना, तेबी पाहून घ्या. तिच्या आवाजात थट्टा होती, पण कुचकी नव्हती. मी 'इतर' निवडलं. अख्ख्या जिल्ह्यात 'इतर' एकच निघाला. तोच कोट, तोच फोटो, आणि पुढं लिहिलेलं: घरचं समदं पाह्यते. सैपाक येते.

हे आईचं. शेजारच्या मुलीच्या हातून भरून घेतलेलं. आईला 'नोकरी' आणि 'धंदा' म्हणायचं सुचलंच नव्हतं. तिला जे ठाऊक होतं ते तिनं सांगितलं होतं. आई मागच्या रांगेत बसली होती, आणि तिनं मान खाली घातली नाही.

त्या मुलीनं ते वाचलं. मग दादाकडं वळून विचारलं, "बाकीचं जाऊ द्या. सैपाकाचं खरं हाय काय?"

दादानं माईक तोंडापाशी नेला, खाली घेतला, पुन्हा नेला. "भाजी-भाकर येते," तो म्हणाला. "पोया गोल होत नाहीत."

आता जे हसू उसळलं ते आधीचं नव्हतं. आधी लोक त्याला हसत होते, आता त्याच्याबरोबर हसत होते, आणि तोही हसला. डोळे पार मिटून गेले. ती मुलगी हसू दाबत खाली बसली. काका मात्र उठून मला म्हणाले, दुसऱ्याचं नाव घ्या. मेळावा पुढं सरकला.

जेवणं सुरू झाली. बाहेर मंडपात आलू-वांग्याची भाजी, पोळ्या, बुंदी, आणि आमच्या घरची मंडळी एका कोपऱ्यात एकमेकांशी भांडत होती. मामा बाबांना म्हणत होते, बारमाही ओलीत लिहायची काय गरज होती. बाबा म्हणत होते, सुपरवायझरपेक्षा ओलीत परवडलं. दादा पंगतीत वाढत होता. मी आत एकटीच बसून आमचे जास्तीचे दादा पुसावेत का, असा विचार करत होते. चादरीवर शेवटचा फिल्टर तसाच होता: मुली, अपेक्षा नोकरीवाला. यादी खालपर्यंत भरलेली.

ती आत आली. माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसली आणि म्हणाली, भरलेलं बदलता येतं का? मी म्हटलं, येतं, काय बदलायचंय? ती म्हणाली, माझा फॉर्म काकांनी भरला होता. मी विचारलं, काकांना माहीत आहे? तिनं मंडपाकडं पाहिलं. काका एका खुर्चीवर ताट मांडीवर घेऊन जेवत होते आणि आमच्याकडं मुद्दाम पाहत नव्हते. "सांगून आली मी त्याईले," ती म्हणाली. "ते म्हनले, तुह्यं तू पाह्य. चिडून म्हनले, पन म्हनले."

माऊस मी तिच्याकडं सरकवला. तिनं तक्त्यात आपली ओळ शोधली, क्लिक केलं, आणि ती ओळ वर चढून फॉर्ममध्ये बसली. नाव, गाव, नर्स. अपेक्षेच्या रकान्यावर ती आली, यादी उघडली, आणि माझ्याकडं न पाहता तिसरा पर्याय निवडला. तिनं 'जतन करा' दाबलं.

आणि खालून तिची ओळ नाहीशी झाली.

ती घाबरली. ताई, गेलं की काय सगळं? अख्ख्या जिल्ह्याला फोनवर हजारदा दिलेलं उत्तर द्यायच्या ऐवजी मी फक्त माऊस घेतला आणि खालचा फिल्टर बदलला. मुली, शेती चालेल. इतके दिवस रोज संध्याकाळी निवडलं होतं तेच, त्याच क्रमानं. 'एकही नोंद सापडली नाही' हे वाक्य क्षणभर चमकलं आणि पुसलं गेलं. चादरीवर एकच ओळ उरली, तिची, एवढ्या मोठ्या पांढऱ्या चादरीवर एकटी.

खिडकीची सतरंजी बाजूला झाली. बाहेरून दादानं डोकं घातलं, हातात बुंदीचा झारा. त्याला मलाच विचारायचं होतं, त्यानं नेहमीसारखं सुरू केलं, "जेवणं होत आली, जनरेटर बंद करू काय?" आणि बोलता बोलता त्याची नजर चादरीवर गेली. त्यानं वाचलं. पुन्हा वाचलं. मी तोंड उघडलं, पण माझ्याआधी ती बोलली.

"राहू द्या सुरू," ती म्हणाली. "मी तुमचा फॉर्म अजून नीट वाचला नाही."

मी जागेवरून उठले आणि माऊस तिच्या हातात ठेवून बुंदी आणायला गेले.